मरतूक शेडात, मंदी बाजारात

18 फेब्रुवारी 2006. नवापूरच्या कोंबड्यांत बर्ड फ्लू असल्याचं त्या दिवशी जाहीर झालं. भोपाळच्या प्रयोगशाळेने ओळखलेला एच5एन1 विषाणू भारतात प्रथमच सापडला होता. नंदुरबार जिल्ह्यातलं हे गाव इतकं सीमेवर, की रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. तिथे लाखो पक्षी मारून पुरले गेले. पण ज्या शेडांत एकही पक्षी आजारी नव्हता, तिथल्या कोंबडीचाही भाव कोसळला. रेल्वेने जेवणातून चिकन काढलं. गिऱ्हाईक मटणाकडे, मासळीकडे वळलं.

माल कमी झाला की भाव चढतो, हे आपण गृहीत धरतो. चीनमध्ये तसंच झालं. ऑगस्ट 2018 मध्ये तिथे डुकरांत आफ्रिकन स्वाइन फीव्हर शिरला, आणि 2019 च्या अखेरीस डुकराचं मांस वर्षभरापूर्वीच्या दुपटीवर गेलं. तो आजार माणसाला होत नाही; त्यामुळे खाणारे कायम राहिले, जनावरं घटली. आपल्याकडे कोंबडीच्या बाबतीत उलटं घडतं. पक्षी संपण्याआधी खाणारे पळतात.

त्यातून मांसासाठी वाढवलेला ब्रॉयलर थांबत नाही. साधारण 40 दिवसांत तो दोन किलोच्या पुढे जातो. त्यानंतर विक्री अडली, तर मका आणि सोयापेंड रोज खातो, वजनाच्या मानाने खर्चच वाढवतो. खर्चाचा मोठा वाटा खाद्याचाच. कांदा चाळीत ठेवता येतो. कोंबडी ठेवता येत नाही. म्हणून पोल्ट्रीवाला मिळेल त्या भावाने माल उचलायला देतो आणि पुढची बॅच टाकत नाही. पिल्लांची मागणी बसते, मक्याचा उठाव मंदावतो. मग भीती ओसरते, गिऱ्हाईक परततं, पण शेड रिकामे असतात. आता भाव चढतो. तो चढा भाव ज्याच्याकडे भांडवल उरलंय त्याला मिळतो. कर्जात बुडालेल्याला नाही.

2020 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये तर महाराष्ट्रातल्या कोंबड्यांत बर्ड फ्लूही नव्हता. चिकनमधून कोरोना होतो, एवढी अफवा पुरली. काहींनी पक्षी फुकट वाटले.

ग्राहकाला दोष द्यावा असं मला वाटत नाही. लेकरांच्या ताटात वाढणारा माणूस घाबरणारच. पण 70 अंशांवर नीट शिजलेल्या मांसात बर्ड फ्लूचा विषाणू टिकत नाही, आणि आपला रस्सा तर रटरटा उकळतो. ही साधी गोष्ट पहिल्याच दिवशी, ठासून, गावोगाव सांगायला हवी.

फेब्रुवारी 2021 मध्ये नवापुरात बर्ड फ्लू पुन्हा आला. सरकारी दर ठरलेले होते: मारलेल्या मोठ्या लेअर, म्हणजे अंड्यांच्या, कोंबडीला 90 रुपये, मोठ्या ब्रॉयलरला 70. आधीच मेलेल्या पक्ष्याला काही नाही. आणि ज्याचे पक्षी धडधाकट होते पण भाव पडला, त्याच्यासाठी त्या तक्त्यात रकानाच नव्हता.