हायब्रिड मोटारीतील डॅश कॅमेरा : जोडणी व पुरावामूल्य

शहापूर तालुक्यातून मुंबई-नाशिक महामार्ग कसारा घाटाकडे जातो, तर कल्याणहून येणारा रस्ता मुरबाडमार्गे माळशेज घाट चढतो. पावसाळ्यातील दाट धुक्यात तेथे अपघाताचा प्रत्यक्ष साक्षीदार मिळणे कठीण. डॅश कॅमेऱ्याचे महत्त्व यातच आहे.

हायब्रिड मोटारीत दोन विद्युतप्रणाली असतात. चाकांना बळ देणाऱ्या उच्च विद्युतदाबाच्या तारा नारिंगी रंगाच्या असून त्यांस हात लावणे प्राणघातक ठरू शकते. कॅमेऱ्याची जोडणी १२ व्होल्टच्या साहाय्यक बॅटरीवरील फ्यूजपेटीतूनच करावयास हवी. ही बॅटरी बहुधा लहान असते. उभ्या गाडीवर पाळत ठेवणारा कॅमेरा ती उतरवू शकतो. मग मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी सुरू होत नाही, कारण तिचा प्रवाह खुला करणारे रिले लहान बॅटरीवरच चालतात. म्हणून विद्युतदाब ठरावीक मर्यादेखाली जाताच पुरवठा तोडणारे साधन आवश्यक ठरते. विक्रेते मात्र चित्राच्या स्पष्टतेविषयीच अधिक बोलतात.

चित्रण न्यायालयात आपोआप ग्राह्य ठरत नाही. जालन्याच्या निवडणूक वादात (अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल) सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये चित्रणाच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र अनिवार्य ठरविले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार त्यात हॅश मूल्यही नोंदवावे लागते. शिवाय कॅमेरा जुन्या चित्रणावर नवे चित्रण करीत जातो. अपघातानंतर कार्ड तत्काळ काढून न ठेवल्यास प्रमाणित करण्याजोगे काही उरतच नाही.