रविवारी कोण आलं नाही?

आम्ही रत्नागिरीकडच्या एका लहान ख्रिस्ती मंडळीच्या महिला मंडळातल्या बायका. आमच्यातल्या बऱ्याचजणी तुमच्यासारख्याच बचत गटातही आहेत. गटाच्या बैठकीत आपण सगळ्या एकाच चटईवर बसतो, एकमेकींच्या घरी गणपतीला, ईदला, नाताळला जातो. तरी एक प्रश्न आम्हांला हमखास येतो. "तुम्ही दर रविवारी चर्चमध्ये जाऊन करता तरी काय?"

प्रश्न बरोबर आहे. नाताळचा तारा आणि केक सगळ्यांना दिसतो. वर्षाचे बाकीचे आठवडे काय चालतं, ते बाहेरून कळत नाही. आज तेच सांगायचं आहे. त्यातली एक गोष्ट अशी आहे की ती कुठल्याही गटाच्या कामी येईल.

आधी एक शब्द समजून घेऊ. इमारतीला आपण चर्च म्हणतो. पण मराठी ख्रिस्ती माणसं आपल्या समाजाला "मंडळी" म्हणतात. मंडळी म्हणजे जमलेली माणसं. पावसात कौलं गळली म्हणून मंडळी मोडत नाही. माणसं एकमेकांना विचारेनाशी झाली की मोडते.

कोकणात ही माणसं आली कुठून, असंही विचारतात. आली कुठून नाही, इथलीच आहेत. रत्नागिरीत अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचं काम १८७० च्या दशकात सुरू झालं. त्याच मिशनची केंद्रं कोल्हापूर, सांगली, मिरज, वेंगुर्ले इथेही होती. मिरजेचं मिशन हॉस्पिटल तुमच्यापैकी कितीतरी जणींना माहीत असेल, तेही त्यांचंच. पुढे २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला सहा वेगवेगळी चर्च एकत्र आली आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं. कॅथलिक भाऊबहिणींची व्यवस्था निराळी. त्यांचा सिंधुदुर्ग धर्मप्रांत २००५ साली पुण्यापासून वेगळा झाला, रत्नागिरी त्यात येते. त्यांच्याकडे मिस्सा असते, आमच्याकडे उपासना म्हणतात. पद्धती वेगळ्या, पण रविवार दोघांचा एकच.

आता रविवारचं सांगतो. सकाळी घरची कामं आटोपून, भात लावून, मुलांच्या वेण्या घालून आम्ही निघतो. लांबच्या वाडीवरच्या बायका एस.टी.ने येतात. मुलं आधी शब्बाथशाळेत बसतात. तिथे गोष्टी, गाणी आणि पाठांतर असतं. मग सगळ्यांची उपासना. पहिलं गीत उभं राहून. मग आठवड्यात आपल्या हातून जे चुकलं त्याची कबुली, मनातल्या मनात आणि सगळ्यांनी मिळूनही. मग शास्त्रवाचन, त्यावर पाळकांचा उपदेश, आजाऱ्यांसाठी आणि गावासाठी प्रार्थना, अर्पण, सूचना आणि शेवटी आशीर्वाद. महिन्यातून एकदा प्रभुभोजन असतं. एकाच भाकरीतला तुकडा आणि एकाच द्राक्षारसाचा घोट सगळ्यांनी घ्यायचा. तिथे शेठ आणि मजूर असा भेद चालत नाही.

गाणी मराठीतलीच. पेटी, तबला आणि टाळ असतात. नारायण वामन टिळक हे नाव तुम्ही शाळेत ऐकलं असेल. त्यांचा जन्म १८६१ साली आपल्याच जिल्ह्यातल्या करजगावचा. १८९५ मध्ये मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि पुढे ख्रिस्ती भजनं, अभंग, कीर्तनं रचली. म्हणून चर्चमधलं गाणं ऐकून शेजारच्या आजी म्हणतात, "ही चाल तर आमच्याच भजनासारखी!" त्यांचं खरंच आहे.

टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई. नवऱ्याने धर्म बदलला तेव्हा त्या कित्येक वर्षं वेगळ्या राहिल्या. परत एकत्र आल्यावरही त्यांनी आपलं सोवळं आणि आपली चूल वेगळीच ठेवली होती. पुढे स्वतःच्या विचाराने त्यांनी ते सोडलं आणि १९०० साली बाप्तिस्मा घेतला. "स्मृतिचित्रे" या पुस्तकात त्यांनी हे सगळं हसत हसत लिहिलं आहे. आम्हांला त्यातून एक कळलं. एका पंगतीला बसणं वाटतं तेवढं सोपं नसतं. त्याला वेळ लागतो, आणि तो वेळ देणारी माणसं भोवती असावी लागतात.

रविवार संपला म्हणजे मंडळीचं काम संपलं, असं नाही. आठवड्यातून एका संध्याकाळी कुणाच्या तरी घरी प्रार्थनासभा असते. आज या वाडीत, पुढच्या वेळी त्या वाडीत. पडवीत सतरंजी टाकायची, एक गाणं, एक वाचन, सुखदुःखाच्या चार गोष्टी, कोरा चहा. महिला मंडळाची सभा वेगळी. तरुण संघाची वेगळी. शनिवारी दोघीजणी देऊळ झाडतात. हो, आमच्यातली जुनी माणसं चर्चला देऊळच म्हणतात. पीक घरात आलं की हंगामाचा सण असतो. कुणी नारळ आणतं, कुणी नवे तांदूळ, कुणी लाल भोपळा, कुणी कोंबडी. उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो आणि पैसे मंडळीच्या कामाला जातात. एकच नारळ तिघांनी तीनदा विकत घेऊन पुन्हा अर्पण केलेलाही आम्ही पाहिला आहे.

पैशाचंही सांगतो, कारण बचत गटाच्या बायका ते आधी विचारतात. अर्पणाच्या थैलीत कुणी किती टाकलं, ते शेजारणीलाही दिसत नाही. उपासना झाली की दोघं मिळून पैसे मोजतात, वहीत लिहितात, दोघंही सही करतात. एकट्याने कधीच मोजायचं नाही. हा नियम संशयापोटी केलेला नाही. मोजणाऱ्यावर उद्या कुणी बोट ठेवू नये म्हणून केला आहे. मिझोरामच्या ख्रिस्ती बायकांची रीत याहून साधी. स्वयंपाकाला तांदूळ घेताना दर वेळी एक मूठ बाजूला काढायची. साठलेले तांदूळ मंडळीला द्यायचे, ते विकून चर्चचं काम चालतं. शंभराहून अधिक वर्षं ही रीत चालू आहे. ज्या बाईच्या हातात रोख पैसा नाही, तिच्याही हातात मूठ असतेच.

इथपर्यंतचं सगळं ऐकायला छान वाटतं. आता आमची चूक सांगतो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्यातल्या एक काकी वाडीच्या टोकाला एकट्या राहायच्या. नवरा वारलेला, मुलगा मुंबईला नोकरीला. गुडघे दुखायचे म्हणून दाराजवळच्या बाकावर त्यांची जागा ठरलेली. जुलै महिन्यात एका रविवारी त्या आल्या नाहीत. आम्ही म्हटलं, पाऊस केवढा आहे, कशा येतील? दुसऱ्या रविवारी नाहीत. म्हटलं, मुलाकडे गेल्या असतील. तिसऱ्या रविवारी तर आमच्यातल्या एकीने त्यांचं नाव घेऊन प्रार्थना केली, की देवा, त्या जिथे असतील तिथे त्यांना सांभाळ.

त्या घरातच होत्या. मागच्या दारी शेवाळावरून पाय घसरला होता आणि कंबरेला मार बसला होता. शेजारची सूनबाई दोन वेळा पेज आणून देत होती. तिला वाटलं, चर्चच्या माणसांना ठाऊक असेल. आम्हांला वाटलं, मुलाला ठाऊक असेल. मुलाला वाटलं, आईचा फोन बिघडला असेल. सगळ्यांना वाटत होतं. उठून गेलं मात्र कुणी नाही.

शेवटी त्या सूनबाईनेच बाजारात आमच्यातल्या एकीला विचारलं, तेव्हा आम्ही धावलो. रिक्षा केली, दवाखान्यात नेलं. काकी वाचल्या, पण नंतर काठीशिवाय चालल्या नाहीत. त्या आमच्यावर रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "रविवारी दहा वाजले की मी घड्याळाकडे बघायचे. वाटायचं, आता कुणीतरी विचारील, काकी का आली नाही."

ते वाक्य आमच्यातून अजून जात नाही. तीन रविवार आम्ही गाणी म्हटली, प्रार्थना केली, आणि दाराजवळची रिकामी जागा रोज डोळ्यांसमोर होती.

पुढे पाळकांनी आम्हांला एक जुनी गोष्ट सांगितली. इसवी सन १५० च्या सुमारास रोम शहरात जस्टिन नावाचा एक ख्रिस्ती माणूस होता. तेव्हा ख्रिस्ती लोकांवर रोमच्या सत्तेचा रोष होता, लोक नाना तर्क करायचे. हे लोक जमून करतात काय, असा तेव्हाही प्रश्न होता. म्हणून जस्टिनने बादशहाला उद्देशून लिहिलं. त्यात त्याने रविवारची सगळी रीत सांगितली आहे. शास्त्र वाचतात, उपदेश होतो, उभं राहून प्रार्थना करतात, भाकरी आणि द्राक्षारस वाटून घेतात. आणि जे आलेले नाहीत, त्यांचा वाटा सेवक त्यांच्या घरी नेऊन देतात. ज्याला जमेल तो ऐपतीप्रमाणे पैसे देतो. त्यातून अनाथ, विधवा, आजारी, कैदी आणि परगावचे पाहुणे यांची सोय होते.

बघा, जवळजवळ एकोणीसशे वर्षांपूर्वीसुद्धा न आलेल्याचा वाटा आधी धरलेला होता. आम्ही रीत सगळी पाळत होतो, नेमकी तेवढीच विसरलो होतो.

तेव्हापासून आम्ही एक वही ठेवली आहे. रद्दीत जाईल अशी साधी वही. पण तिचे नियम पक्के आहेत.

पहिला नियम. उपासना सुटल्यावर घरी जाण्याआधी दोघींनी बाकांवरून नजर फिरवायची आणि न आलेल्यांची नावं लिहायची. प्रत्येक नावासमोर कोण विचारपूस करणार तिचं नाव लिहायचं. "आपण बघू" असं लिहायचं नाही. "आपण" म्हणजे कुणीच नाही, हे आम्ही शिकलो.

दुसरा नियम. मंगळवारच्या संध्याकाळपर्यंत विचारायचं. एका रविवारी नसेल तर फोन चालतो. दोन रविवार झाले की घरी जायचं. फोनवर सगळी माणसं "बरी आहे" असंच म्हणतात.

तिसरा नियम सगळ्यांत कठीण. घरी जाऊन जे कळेल ते तोंडातून बाहेर काढायचं नाही. कुणाच्या घरी दारू असते, कुणाचं सुनेशी पटत नाही, कुणी अर्पणाला पैसे नाहीत म्हणून लाजून येत नाही. पूर्वी आम्ही हे "प्रार्थनेचा विषय" म्हणून सभेत सांगायचो. खरं तर ती चहाडीच होती, फक्त डोळे मिटून केलेली. आता त्या बाईची परवानगी असेल तरच सांगतो.

चौथा नियम. जाताना "का आली नाहीस?" असं विचारायचं नाही. "तुझी आठवण आली" म्हणायचं. पहिल्या वाक्याने माणूस आरोपी होतो.

कोकणात तर या वहीची गरज जास्तच. आपली कितीतरी घरं वर्षभर बंद असतात. चाकरमानी गणपतीला, शिमग्याला, नाताळला येतात आणि जातात. मागे राहतात म्हातारी माणसं. जे मुंबई-पुण्याला कायमचे जातात, त्यांना पाळक एक पत्र देतात, तिकडच्या मंडळीच्या नावाने. ही माणसं आमची आहेत, आता तुम्ही सांभाळा, असा त्याचा अर्थ. माणूस एका वहीतून कमी झाला तर दुसऱ्या वहीत त्याचं नाव चढलं पाहिजे. मध्ये कुठे हरवायला नको.

आणि एक. मार्चच्या पहिल्या शुक्रवारी जगभरच्या ख्रिस्ती बायकांचा प्रार्थना दिवस असतो. दर वर्षी एका देशातल्या बायका त्या दिवसाची उपासना लिहितात. आपण कधी पाहिला नाही अशा देशातल्या बायकांची सुखदुःखं त्या दिवशी इथे रत्नागिरीत वाचली जातात. कॅथलिक आणि आमच्यासारख्या मंडळ्यांतल्या बायका त्या दिवशी एकत्र येऊ शकतात. पण आमच्यातली एक आजी दर वर्षी आठवण करून देते, "लांबच्या देशासाठी प्रार्थना करा, पण आधी शेजारच्या वाडीत कोण पडलंय ते बघून या."

आता तुमच्या गटाचं. तुमच्याकडे हजेरीची वही आहेच. गैरहजर राहिली की काही गटांत दंडही असतो. पुढच्या बैठकीत एवढंच करून बघा. गैरहजर बाईच्या नावासमोर दंडाचा आकडा लिहिण्याआधी, तिच्याकडे कोण जाणार तिचं नाव लिहा. हप्ता थकला म्हणून ती तोंड लपवत असेल. आजारी असेल. घरचे सोडत नसतील. काही नसलंच, तर एक कप चहा होईल.

त्या काकी पुढे चार वर्षं आमच्याबरोबर होत्या. काठी टेकत यायच्या, दाराजवळच बसायच्या. ती वही बहुतेक वेळा त्यांच्याच मांडीवर असायची. कारण कोण आलं नाही, हे त्यांच्या नजरेतून कधी सुटायचं नाही.

येतो मैत्रिणींनो. काळजी घ्या, आणि शेजारच्या दारावर एकदा हाक मारून या.