स्वस्त लॅपटॉपची खरी किंमत

बारावीचा निकाल लागला की आपल्या घरांत लॅपटॉपचा विषय निघतो. प्रवेशाचे अर्ज, शिष्यवृत्तीचे फॉर्म, कॉलेजचे प्रोजेक्ट हे सगळे मोबाइलवर किती दिवस भागवायचे? मुलगी बसने ये-जा करणार, म्हणून लॅपटॉप छोटा आणि हलका हवा. अब्बूंच्या खिशालाही तो परवडायला हवा. मग सेलमध्ये जो सर्वांत स्वस्त दिसतो तो घरी येतो. आमच्या खराडी-चंदननगर भागात हे नेहमीचे झाले आहे. दोन-अडीच वर्षांत तोच लॅपटॉप बंद पडून कपाटावर जातो, हेही तितकेच नेहमीचे.

व्याजाचे हप्ते नकोत म्हणून आपल्यापैकी अनेकजण पैसे साठवून रोखीने खरेदी करतात. वर्षभराची बचत एका वस्तूत घालताना ती किती रुपयांना मिळते एवढेच पाहून चालणार नाही. ती बिघडली तर दुरुस्त होईल का, हेही आधीच विचारायला हवे.

स्वस्त का असतो?

छोट्या लॅपटॉपची किंमत खाली आणण्यासाठी अनेकदा रॅम थेट मदरबोर्डवर सोल्डर केलेली असते. साठवणीसाठी वेगळ्या एसएसडीऐवजी ईएमएमसी नावाची चिप असते, तीही बोर्डालाच चिकटलेली. विंडोज ११ साठी किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते. तेवढेच असलेल्या मशीनवर थोड्याच दिवसांत जागा संपते, अपडेट अडतात आणि काम रेंगाळते. रॅम वाढवायला स्लॉट नाही आणि चिप बदलणे गल्लीतल्या कारागिराचे काम नाही. चिप गेली तर पूर्ण मदरबोर्ड बदलावा लागतो. म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला!

कीबोर्डचेही तसेच. काही मॉडेलमध्ये तो स्क्रूने बसवलेला असतो, तर काहींमध्ये प्लास्टिक वितळवून वरच्या झाकणाला जोडलेला असतो. त्यावर चहा सांडला तर पहिल्यात फक्त कीबोर्ड बदलतो, दुसऱ्यात झाकणासकट सगळे घ्यावे लागते.

शेजारची ऑफिसे काय वापरतात?

खराडीत इऑन आयटी पार्क आहे, वर्ल्ड ट्रेड सेंटर आहे. अशा कंपन्या सहसा व्यावसायिक मालिकांतली मशीन घेतात: लेनोवोचे थिंकपॅड, डेलचे लॅटिट्यूड, एचपीचे एलिटबुक. कर्मचारी एक दिवस बसून राहिला तरी कंपनीचे नुकसान होते, म्हणून ही मशीन चटकन उघडून सुटा भाग बदलता येईल अशा बेताने बनवलेली असतात. त्यांची दुरुस्ती पुस्तिका या कंपन्यांच्या वेबसाइटवर कोणालाही मोफत मिळते. तीन-चार वर्षांनी ऑफिसे ती बदलतात आणि साफसफाई-तपासणी होऊन तीच ‘रिफर्बिश्ड’ म्हणून बाजारात येतात. नव्या स्वस्त लॅपटॉपच्या भावात यातला चांगला छोटा लॅपटॉप मिळू शकतो.

मात्र नुसते नाव पाहून घेऊ नये. थिंकपॅड एक्स२७० मध्ये रॅमचा स्लॉट आहे आणि मागची बॅटरी हाताने काढता येते. पण त्यातले इंटेलचे प्रोसेसर सहाव्या-सातव्या पिढीचे, त्यामुळे विंडोज ११ त्यावर अधिकृतपणे चालत नाही. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्याच्या पुढच्या एक्स२८० मध्ये आठव्या पिढीचा प्रोसेसर मिळतो, तर रॅम सोल्डर केलेली. ती १६ जीबीची असेल तर हरकत नाही, ४ जीबीची असेल तर कायम तेवढीच. एचपीच्या एलिटबुक ८३० जी५ मध्ये आठव्या पिढीचा प्रोसेसर मिळतो आणि रॅमचे दोन स्लॉटही. म्हणून मॉडेलचा पूर्ण क्रमांक विचारावा आणि त्याची पुस्तिका पाहूनच ठरवावे.

हिशेब वर्षांचा करावा

उदाहरणासाठी आकडे धरू. नवा, न उघडणारा लॅपटॉप २२ हजारांचा आणि तो तीन वर्षे चालला, तर वर्षाला सुमारे ७,३०० रुपये पडतात. रिफर्बिश्ड २० हजारांचा, पुढे बॅटरी आणि रॅम-एसएसडीवर आणखी ७ हजार, आणि तो पाच वर्षे चालला, तर वर्षाला ५,४००. स्लॉट असलेला नवा ३५ हजारांचा, दुरुस्तीला ५ हजार आणि आयुष्य सहा वर्षे, तर वर्षाला सुमारे ६,७००. वाचकांनी आपल्या दुकानदाराकडून भाव घेऊन हीच बेरीज आणि भागाकार करावा.

स्वस्त लॅपटॉप प्रत्येक वेळी चुकीचाच असतो असे मात्र नाही. एखाद्या वर्षाच्या टायपिंगपुरता हवा असेल आणि वॉरंटी असेल, तर तो चालेल. पण शिक्षणाची चार-पाच वर्षे काढायची असतील तर नाही. अर्जाची शेवटची तारीख दोन दिवसांवर असताना लॅपटॉप बंद पडला, तर एसएसडी जवळच्या दुकानात त्याच दिवशी बदलता येते. मदरबोर्ड मागवायचा तर वाट पाहावी लागते आणि तारीख कोणासाठी थांबत नाही.

पैसे देण्याआधी

दुकानात पुढील गोष्टी समोर करून घ्याव्यात:

- रॅमचा स्लॉट आहे का? एसएसडी सुटी निघते का?
- बॅटरी स्क्रूने बसवलेली आहे की चिकटवलेली? नवी किती रुपयांना मिळते?
- चार्जर यूएसबी-सी आहे का? असल्यास योग्य वॉटचा दुसराही चालतो.
- झाकण चार-पाच वेळा उघडून बिजागरी सैल किंवा करकरती नाही ना, ते पाहावे.
- रिफर्बिश्ड असेल तर बायोसमध्ये जाऊन दाखवायला सांगावे. जुन्या कंपनीचे कुलूप किंवा पासवर्ड राहिला असेल तर घेऊ नये.
- जीएसटीचे बिल आणि लेखी वॉरंटी घ्यावी. बिल नसलेला माल चोरीचा असू शकतो, आणि तसा माल आपल्या घरात नको.

विकणाऱ्याने मालातला ऐब सांगूनच सौदा करावा, हे आपल्याकडे लहानपणापासून शिकवले जाते. घेणाऱ्यानेही तो विचारायला संकोचू नये.

कायद्याची साथ

फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२१ पासून लॅपटॉपवर दहापैकी किती गुणांची दुरुस्ती शक्य आहे, हे छापावे लागते. सुटे भाग मिळतात का, त्यांची किंमत काय, मशीन उघडायला किती सोपे, यावर हे गुण ठरतात. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल सुरू केले. तिथे अनेक कंपन्यांच्या दुरुस्तीची आणि सेवा केंद्रांची माहिती एकत्र मिळते. वॉरंटी नाकारली किंवा सुटा भाग देण्यास टाळाटाळ झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते. खोक्यावर असे गुण छापून येईपर्यंत ते आपणच द्यायचे.

तरीही एखादा लॅपटॉप खरोखर संपलाच, तर तो भंगारवाल्याला किलोवर देऊ नये. त्यातली बॅटरी पेट घेऊ शकते. ई-कचरा नियम २०२२ नुसार कंपन्यांवर जुन्या मशीनची योग्य विल्हेवाट लावण्याची जबाबदारी आहे, त्यामुळे नोंदणीकृत संकलकाकडेच द्यावा. त्याआधी एसएसडीवरची आपली माहिती पुसावी.

जास्त खर्च म्हणजे इसराफ हे आपण जाणतो. पण थोडे पैसे वाचवण्यासाठी लवकर फेकावी लागणारी वस्तू घेणे, हाही इसराफच. दोन हजार जास्त गेले आणि धाकट्या भावालाही तोच लॅपटॉप वापरता आला, तर ते पैसे वाया गेले असे कोण म्हणेल?