परदेशी विद्यार्थ्यांना निरोप लिहिताना

पुण्यात शिकायला येणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांना आपल्यातील काहीजण मदत करतात. निरोपाचा नमुना तयार असला की घाईत महत्त्वाचे सुटत नाही. 180 दिवसांहून अधिक मुदतीच्या विद्यार्थी व्हिसावर आलेल्यांना पोहोचल्यापासून 14 दिवसांत सरकारदरबारी नोंदणी करावी लागते. हे पहिल्याच निरोपात हवे. महिना अक्षरांत लिहावा, कारण आपला ‘5/6’ अमेरिकेत 6 मे होतो. वेळेपुढे ‘भारतीय वेळ’ लिहावे. नैरोबीचे घड्याळ अडीच तास मागे असते. नाव मात्र दर वेळी स्वतः पाहून भरावे. इथिओपियात दुसरे नाव वडिलांचे असते, आडनाव नव्हे. तेथील विद्यार्थ्याला पहिल्या नावानेच संबोधावे. आणि घरी कोणी वारल्याचे कळले, तर नमुना बाजूला ठेवून सरळ फोन करावा.