पक्ष जन्माचा, पण हिशेब दरसालचा
— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग



ह्या पानावर आपण एरवी बेणे, लागण, खोडव्यातले पाचट आणि पाण्याच्या पाळ्या ह्यांविषयी बोलतो. ह्या खेपेला विषय थोडा निराळा आहे. गटागटांतून फिरताना असे दिसते की, फडात उभे राहून बोलणे सुरू होते हुमणीवरून आणि संपते पक्षावर. त्यातही बापाचे बोलणे एक, आणि पोराच्या मोबाईलमधले दुसरे. बाप म्हणतो, "मह्या बापानं ज्याले मत देलं, त्यालेच मी देतो." पोरगा म्हणतो, "आबा, तुमचा पक्ष आता राहिला कुठं?" दोघांचेही आपापल्या परीने खरे आहे. म्हणून हा विषय नीट समजून घ्यावा असे वाटले. कोणत्याही पक्षाची बाजू घेण्याचा येथे हेतू नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

बैलजोडीचे दिवस

१९५१-५२ साली देशाची पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली, तेव्हा आपला बुलडाणा जिल्हा मध्य प्रदेश राज्यात होता आणि राजधानी नागपूर होती. १९५६ साली आपण मुंबई राज्यात आलो आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात. त्या पहिल्या निवडणुकीत शिक्का मारायचा नव्हता. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असे, पेटीवर त्याचे चिन्ह चिकटवलेले असे, आणि मतदाराने आपली चिठ्ठी त्या पेटीत टाकायची. लिहिता-वाचता येणारे थोडे, म्हणून चित्रावर भिस्त. पुढे १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून छापील मतपत्रिका आणि शिक्का ही पद्धत रूढ झाली.

म्हणजे आपल्या आज्या-पणज्यांना पक्ष कळला तो चिन्हातून. काँग्रेसची बैलजोडी, जनसंघाची पणती, रिपब्लिकनांचा हत्ती. ज्याच्या दावणीला बैलजोडी, त्याला त्या चित्राची ओळख करून द्यावी लागली नाही. १९६९ साली काँग्रेस फुटली, बैलजोडी गेली आणि १९७१ च्या निवडणुकीत गायवासरू आले. १९७७ साली जनता पक्षाचा नांगरधारी शेतकरी आला. १९७८ साली काँग्रेस पुन्हा फुटली आणि तेव्हापासून हाताचा पंजा आला. एकाच मतदाराने पक्ष न बदलता तीन चिन्हे बदलली! तरीही तो म्हणत राहिला, "आपण आहो तिथंच आहो."

ही निष्ठा नुसत्या भावनेवर उभी नव्हती. तिला कामाची दोरी होती. तलाठ्याकडून सातबारा काढायचा, विहिरीची मंजुरी आणायची, पंपाची वीजजोडणी करून घ्यायची, बँकेत कर्जाचा कागद पुढे सरकवायचा, ह्यातले एकही काम शेतकऱ्याच्या एकट्याच्या दमाने होत नसे. तालुक्याला जायचे तर अख्खा दिवस मोडायचा आणि साहेब भेटेलच ह्याची खात्री नाही. गावात पक्षाचा एक माणूस असे. तो पांढरी टोपी घालून तुमच्यासोबत एसटीत बसे, कचेरीत ओळखीच्या कारकुनाला हाक मारी आणि काम करून देई. कुठे कुठे ऊसतोडीची पाळीसुद्धा अशा ओळखीवर पुढे-मागे होत असे, हे मान्य केले पाहिजे. त्या माणसाने आपले काम केले, म्हणून आपण त्याच्या चिन्हाला मत दिले, आणि पोरालाही तेच शिकवले. ह्यात लाजण्यासारखे काही नव्हते. पण ह्या सोयीत एक खोट होती. माहिती त्या माणसाच्या खिशात राहिली. योजना कोणती, रक्कम किती, मुदत कधी, हे तो सांगेल तेवढेच आपल्याला ठाऊक.

दोरी कशी सैल झाली

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झाले १५ ऑगस्ट १९९५ रोजी. आपल्या वावरात ते पोहोचायला मात्र पुढची वीस वर्षे गेली. २०१६ नंतर मोबाईलवरचा डेटा स्वस्त झाला आणि बांधावरच्या माणसाच्या हातात ते आले.

त्याआधी २००५ साली माहितीचा अधिकार कायदा आला होता. दहा रुपयांच्या अर्जावर सरकारी कचेरीने तीस दिवसांत उत्तर द्यायचे. मग १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या मिळू लागला. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली आणि आपल्या पिकाची नोंद आपणच करू लागलो. पीकविम्यात नुकसान झाल्यावर ७२ तासांच्या आत कळवावे लागत असे, तेही मोबाईलवरून करता येऊ लागले. साखर आयुक्तालयाने २०२२ साली 'महा-ऊसनोंदणी' हे ॲप काढले. त्यात सभासद आणि बिगरसभासद, दोघांनाही स्वतःच्या उसाची नोंद कारखान्याकडे करण्याची सोय झाली.

ह्या सगळ्याचा अर्थ सरळ आहे. ज्या कामासाठी आपण कुणाच्या तरी मागे एसटीने जात होतो, त्यातले बरेचसे काम आता अंगठ्याखाली आले. कामाची दोरी सैल झाली, तशी निष्ठेची गाठही सैल झाली. नव्या पिढीला पक्षाच्या माणसाचे पूर्वीसारखे उपकार वाटत नाहीत, ह्याचे कारण तिच्यात उद्धटपणा आला हे नव्हे. तिचे त्याच्यावाचून अडत नाही.

तरी सगळ्यांचेच अडत नाही असे म्हणता येणार नाही. २०१७ साली कर्जमाफीचे अर्ज ऑनलाइन भरायचे ठरले, तेव्हा सेवा केंद्रांपुढे लागलेल्या रांगा आपण पाहिल्या आहेत. नवरा-बायको दोघांनी अंगठे द्यायला दिवस दिवस उभे राहायचे आणि यंत्र म्हणायचे, ठसा जुळत नाही. उसाची पाचट काढून काढून ज्याच्या बोटांच्या रेषा झिजल्या, त्याला यंत्राने ओळखू नये! ज्याला मोबाईल येत नाही त्याला आजही माणूस लागतो. फरक इतकाच, की पूर्वी तो टोपीवाला होता आणि आता संगणकाच्या दुकानात बसलेला पोरगा आहे. म्हणून घरात शिकलेले लेकरू असेल तर आधी आजा-आजीचे, विधवा चुलतीचे काम त्याने करून द्यावे. तीही समाजसेवाच आहे.

मोबाईल हाक देतो, उत्तर देत नाही

आपल्याच जिल्ह्यातले उदाहरण घेऊ. जून २०२० मध्ये लोणारच्या सरोवराचे पाणी गुलाबी झाले. फोटो दोन दिवसांत जगभर गेले. त्याबरोबर नाना तर्कही गेले. पण उत्तर कुठून आले? मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दखल घेतली, पाण्याचे नमुने तपासायला पाठवले गेले, आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने सांगितले की, पाण्याची पातळी घटून खारटपणा वाढला आणि त्यात वाढणाऱ्या हॅलोआर्किया नावाच्या सूक्ष्म जीवांमुळे हा रंग आला. मोबाईलने हाक दिली. उत्तर तपासणाऱ्या हातांनी दिले.

दुसरे उदाहरण शेतकरी संपाचे. १ जून २०१७ रोजी राज्यातले दूध आणि भाजीपाला थांबला. बातमी मोबाईलवरून रानवाऱ्यासारखी पसरली. कोणत्याही एका पक्षाचा झेंडा पुढे नव्हता. पुढे त्याच महिन्यात ३४ हजार कोटींची कर्जमाफी जाहीर झाली. पण त्या संपाचे मूळ कुठे होते? तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याच्या ग्रामसभेत. गावाने एकत्र बसून ठराव केला, म्हणून तो मोबाईलवरून पसरण्याजोगा झाला. आधी ठराव, मग मोबाईल. क्रम ध्यानात ठेवावा. २०१६ साली आपल्या बुलडाण्यासह राज्यभर मराठा क्रांती मूक मोर्चे निघाले, तेव्हाही निरोप मोबाईलवरून गेले. पण माणसे पायांनी चालत आली, म्हणून ते मोर्चे मोजले गेले.

आवाज मोठा, हजेरी थोडी

आता आपल्या उणिवेकडे वळू. आज गावागावांत व्हॉट्सॲपचे गट आहेत. रात्री अकरापर्यंत राजकारण चालते. पण ग्रामसभेला किती जातात? कायद्याप्रमाणे ग्रामसभेची गणपूर्ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० ह्यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढीच आहे. तेवढीही माणसे न जमल्याने सभा तहकूब होते. आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते! मग दहा-बारा जण जे ठरवतील ते गावाचे ठरले. गटावर दोनशे जण बोलले तरी त्याची नोंद इतिवृत्तात होत नाही.

भांडणे मात्र खरी होतात. एका विहिरीवर दोन भावांच्या पाळ्या होत्या. एकाने गटावर दुसऱ्याच्या नेत्याविषयी काहीबाही टाकले. दुसऱ्याने पाळी सोडायची बंद केली. ऐन एप्रिलात ऊस पंचवीस दिवस पाण्याविना राहिला. नेत्याचे काही बिघडले नाही. बिघडले ते उसाचे, आणि तो ऊस आपल्याच कारखान्याचा होता.

शिवाय नेते काय करतात हेही पाहावे. पक्षांतराला आळा घालायला १९८५ साली कायदा झाला. तरी २०२२ साली शिवसेना आणि २०२३ साली राष्ट्रवादी काँग्रेस दुभंगली. निवडणूक आयोगाने फेब्रुवारी २०२३ मध्ये धनुष्यबाण एका गटाला दिला, फेब्रुवारी २०२४ मध्ये घड्याळ एका गटाला दिले. २०२४ च्या लोकसभेला आपल्या मतदारसंघात एकाच जुन्या पक्षाचे दोन उमेदवार, एक धनुष्यबाणावर आणि दुसरा मशालीवर, समोरासमोर उभे होते. शिवाय शेतकरी चळवळीतून आलेल्या अपक्षाला सुमारे अडीच लाख मते पडली आणि निकाल तीस हजारांच्या आतल्या फरकाने लागला. जन्मभर एका चिन्हाला मत देणाऱ्या म्हाताऱ्याने विचारले, "आता मी निष्ठावंत कोणाचा?" ह्याचे उत्तर कोणत्याच गटावर मिळत नाही.

निष्ठा कुठे बांधावी

माझ्या मते उत्तर असे. पक्ष ज्याचा त्याला लखलाभ. मत गुप्त आहे, ते द्यावे. पण हिशेबाची निष्ठा कुणाला वाहू नये. सहकारी कायद्यात भाग कितीही असोत, एका सभासदाला एकच मत. हे मोठे भांडवल आहे आणि ते आपण वापरत नाही.

पुष्कळांना वाटते की कारखान्याची माहिती माहितीच्या अधिकारात मागता येते. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, सरकारचा भरीव पैसा किंवा ताबा नसलेल्या सहकारी संस्था ह्या कायद्याखाली सरसकट येत नाहीत. पण निराश व्हायचे कारण नाही. १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ३२ प्रमाणे सभासदाला पोटनियम, शेवटचा तपासलेला ताळेबंद आणि नफा-तोटा पत्रक पाहण्याचा हक्क आहे. फी भरून नक्कलही मिळते. उसाचे पैसे गाळपाला ऊस दिल्यापासून १४ दिवसांत मिळाले पाहिजेत, आणि उशीर झाल्यास १५ टक्के दराने व्याज, हे १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात आहे. मी कारखान्याचा नोकर आहे, तरी हे लिहितो; कारण विचारणारा सभासद असला की कारखाना सरळ चालतो.

कोरोनाच्या काळात सरकारने वार्षिक सभा ऑनलाइन घ्यायला मुभा दिली होती. ती अडचणीची सोय होती. पडद्यावरच्या सभेत बोलणाऱ्याचा आवाज एका कळीने बंद करता येतो. मंडपात उभ्या राहिलेल्या माणसाचा आवाज तसा बंद होत नाही.

तेव्हा सभासदांनी इतके करावे. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत होते. अहवाल हाती पडला की तो घरात मोठ्याने वाचावा, शिकलेल्या मुला-मुलींनी वाचून दाखवावा. उतारा, तोडणी-वाहतुकीचा खर्च आणि कर्ज, हे तीन आकडे मागच्या सालाशी ताडून पाहावेत. शंका मुदतीत लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. आपली ऊसनोंद लागणीची तारीख व जातीसह मोबाईलवर तपासावी, चूक असल्यास गटातल्या शेतकी मदतनीसाला लगेच दाखवावी. गटावर आलेला मजकूर पुढे ढकलण्याआधी तो कुणी आणि कधी लिहिला हे विचारावे. ज्या भगिनींच्या नावे भाग आहेत, त्यांनी स्वतः सभेला यावे. सही नवऱ्याने आणि चहा बायकोने, हे आता पुरे.

आणि हो, पाण्याची पाळी कुणाच्याही पक्षासाठी अडवू नये. उसाला चिन्ह कळत नाही, त्याला पाणी कळते.

जय किसान, जय सहकार!