उठावाचा अंक, ठोक्याचा अंक

भिलाईत घडलेल्या रुळाच्या उभ्या पोटावर दोन तऱ्हेच्या खुणा असतात. कारखान्याची खूण, छेद, ‘८८०’सारखा ग्रेड (म्हणजे किमान ताणशक्ती, मेगापास्कलमध्ये) आणि महिना-वर्ष ही अक्षरं उठावाची. ती मिलच्या रोलवरच कोरलेली असल्यामुळे त्या रोलखालून जाणाऱ्या प्रत्येक रुळावर सारखीच उमटतात. हीट नंबर मात्र ठोकलेला असतो. हा रूळ नेमक्या कोणत्या हीटच्या, म्हणजे भट्टीतल्या कोणत्या खेपेच्या पोलादाचा, ते तो सांगतो. पहिली खूण वाण सांगते, दुसरी नेमकी खेप.

जुन्या गाडीचं इंजिन ओळखण्याची सगळी विद्या याच भेदावर उभी आहे. १९५९ साली पहिली झोतभट्टी पेटलेल्या या गावात साइटवरची जीप, अधिकाऱ्यांची अ‍ॅम्बेसेडर आणि घरची फियाट या तिन्ही गाड्या वर्षानुवर्षं धावल्या आणि इंजिनं बदलत जगल्या. आता त्यांतल्या काहींचं वय पन्नाशीपुढे गेलं आहे. केंद्राच्या २०२१च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेली, मूळ रूपात राखलेली खासगी गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते आणि तिला ‘व्हीए’ अक्षरांची पाटी मिळते. अट अशी, की चेसिस, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. म्हणजे ‘इंजिन मूळचंच का?’ हा प्रश्न हौशी मंडळींपुरता राहिलेला नाही.

ब्लॉकवरचा उठावाचा अंक ओतकामातून येतो. पॅटर्नवर अंक उठावात असतो, वाळूच्या साच्यात तो खोलगट उमटतो आणि वितळलेलं लोखंड तिथे भरलं की पुन्हा उठावात बाहेर येतो. त्या पॅटर्नमधून निघालेल्या हजारो ब्लॉकवर तोच अंक असतो. हे आडनाव झालं. माणूस अजून कळायचा आहे. शेव्हरोलेचा ३९७००१० हा ओतीव अंक घ्या. १९६९मध्ये तो ३०२, ३२७ आणि ३५० घनइंचाच्या तिन्ही इंजिनांवर सापडतो. नुसता तो वाचून ‘३५० आहे’ म्हणणारा फसतो. उलट कधी ओतीव अंकच पुष्कळ काही सांगून जातो. विलिस जीपच्या फ्लॅटहेड ब्लॉकवर ६३८६३२ असेल तर तो युद्धकाळातला किंवा लगेच नंतरचा, टायमिंग चेनचा; ६४१०८७ असेल तर पुढचा, गिअरवर चालणारा.

ठोक्याचा अंक म्हणजे त्या एका इंजिनाचा स्वतःचा नंबर. तो शोधायला आधी केरोसीन आणि वायर ब्रश लागतो. ब्लॉकच्या कडेला मशीनिंग केलेली छोटी सपाट जागा असते, तिला पॅड म्हणतात. मळाचा थर निघाला की त्यावर पातळ कागद धरून पेन्सिल आडवी घासायची. आरटीओत चेसिसची प्रिंट काढतात तशीच. अंक उमटतातच, शिवाय मूळ मशीनिंगच्या बारीक समांतर रेघाही उमटतात. या रेघा नसतील, किंवा अंकांखाली ग्राइंडरचे गोल ओरखडे असतील, तर संशयाला जागा आहे. पंचाच्या दाबाने अंकाखालचा धातूही दबलेला असतो. म्हणून अंक तासून टाकला तरी न्यायसहायक प्रयोगशाळा आम्ल लावून तो परत उमटवण्याचा प्रयत्न करू शकतात. काही ब्रिटिश गाड्यांत इंजिन नंबर रिव्हेट मारलेल्या पट्टीवर असतो. पट्टीवर तर आणखी कमी विसंबावं, कारण पट्टी एका ब्लॉकवरून काढून दुसऱ्यावर बसवता येते.

खरी उलटतपासणी तारखांची. अनेक ब्लॉकवर ओतकामाची तारीखही उठावात असते. शेव्हरोलेत ए ते एल ही अक्षरं बारा महिन्यांची; ‘सी १४ ९’ म्हणजे १९६०च्या दशकातल्या गाडीवर १४ मार्च १९६९. आधी ओतकाम, मग मशीनिंग, जोडणी आणि शेवटी गाडी हा क्रम उलटू शकत नाही. गाडी १९६८ची आणि ब्लॉक १९६९चा असेल, तर ठोकलेला नंबर कितीही जुळो, इंजिन मागाहून आलेलं आहे.

आपल्याकडे अनेकदा ठोका पुसट झालेला आणि ओतीव अंक रंगाखाली गेलेला असतो. अशा वेळी हेड उतरवलेलं असेल तर व्हर्नियर घ्यावा आणि पिस्टन तळापासून वरपर्यंत किती चढतो ते मोजावं. रिबोअर केल्याने सिलिंडरचा व्यास वाढतो, पण क्रँक तोच असेल तर स्ट्रोक हलत नाही. सुरुवातीच्या अ‍ॅम्बेसेडरचं १४७६ सीसी साइड व्हॉल्व्ह इंजिन ८७ मिलिमीटर स्ट्रोकचं. १९५९पासूनचं १४८९ सीसीचं बीएमसी इंजिन ८९चं. नंतरचं १८१७ सीसीचं इसुझू ८२चं. घरच्या फियाटचं, म्हणजे कुर्ल्याच्या प्रीमियर पद्मिनीचं, १०८९ सीसी इंजिन ७५चं. बीएमसीचा ७३चा व्यास ४० थाऊ (इंचाचे ४० सहस्रांश) रिबोअरने ७४वर जातो आणि इंजिन १५३० सीसीच्या आसपास भरतं. कागदावरच्या १४८९शी ते जुळत नाही म्हणून इंजिन परकं ठरत नाही. पिस्टनच्या माथ्यावर ‘०४०’ सापडलं की हिशेब लागतो.

जीपचं तर बॉनेटच बोलतं. विलिसच्या हरिकेन इंजिनात इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये गेले, इंजिन उंच झालं आणि ते मावावं म्हणून सीजे-३बी जीपचं बॉनेट उंच केलं. त्या उंच बॉनेटखाली पुढे महिंद्रचं प्यूजो डिझेल आलं: एक्सडीपी ४.९०. चार सिलिंडर, ९० मिलिमीटर व्यास, हे नावातच लिहिलेलं. ८३चा स्ट्रोक धरला की २११२ सीसी.

इंजिन बदललं म्हणजे गाडी खोटी झाली, असं मात्र नाही. पेट्रोल महागलं म्हणून डिझेल बसवणारा मालक आपली गाडी जगवत होता. ते बदल परवानगीने आरसी बुकात चढले असतील तर तोही गाडीचा खरा इतिहासच. व्हिंटेज नोंदणीत तो अडेल, विक्रीत किंमत उतरेल, पण फसवणूक ठरणार नाही. फसवणूक सुरू होते ती पॅड घासून नवा अंक ठोकण्यापासून. म्हणून गाडी रंगवायला देण्याआधी उठावाचा अंक, तारीख आणि पॅड यांचे फोटो काढावेत, पेन्सिलची प्रिंट आरसी बुकाला जोडून ठेवावी. उद्या गाडी घेणाऱ्याने शंका काढली, तर शब्दापेक्षा तो कागद उपयोगी पडेल.