तिरके चित्र आणि पृथ्वीचे चुंबकत्व

ट्यूबचा दूरचित्रवाणी संच एका भिंतीपासून उचलून समोरच्या भिंतीशी ठेवला, की कधी कधी चित्र किंचित तिरके दिसू लागते. बातम्यांच्या वेळी तळाशी सरकणारी पट्टी एका टोकाला खाली झुकते, दुसऱ्या टोकाला वर उचलली जाते. टेबल समपातळीत असते, संचाला धक्काही लागलेला नसतो. मग दुरुस्ती करणाऱ्याला बोलावले जाते आणि बिघाड संचात शोधला जातो. पुष्कळदा तो तेथे नसतोच. संचाची दिशा बदललेली असते, एवढेच. आपण ज्या पृथ्वीवर बसून चित्र पाहतो तिचे चुंबकत्व पडद्यावर उमटलेले असते.

आता घरोघरी सपाट पडद्याचे संच आले आहेत. तरीही शाळेच्या अडगळीत एखादा ट्यूबचा संच सापडतो. तो भंगारात जाण्यापूर्वी विद्युतधारा आणि चुंबकत्व शिकवण्यासाठी त्याचा चांगला उपयोग करता येईल.

चित्र कसे रेखाटले जाते?

चित्रनलिकेच्या मागच्या अरुंद मानेत इलेक्ट्रॉन बंदूक असते. तिच्यातून निघालेली इलेक्ट्रॉनांची शलाका पडद्याच्या आतल्या प्रस्फुरक लेपावर आदळते आणि तेथे प्रकाशाचा ठिपका उमटतो. मान जेथे रुंदावू लागते तेथे तांब्याच्या तारेची वेटोळी बसवलेली असतात. त्यांना योक म्हणतात. योकमधील एका जोडीचे चुंबकीय क्षेत्र शलाकेला डावीउजवीकडे नेते, दुसऱ्या जोडीचे वरखाली. आपल्याकडील पद्धतीत असे एक चित्र ६२५ ओळींचे असते आणि सेकंदाला २५ चित्रे रेखाटली जातात.

म्हणजे ठिपका कोठे पडायचा हे चुंबकीय क्षेत्र ठरवते. मग योकशिवाय आणखी एखादे क्षेत्र तेथे असेल, तर त्याचाही वाटा ठिपक्याच्या जागेत येणारच. पृथ्वीचे क्षेत्र नेहमीच तेथे असते.

नायगावातील हिशेब

नांदेड जिल्ह्यातील नायगाव उत्तर अक्षांशाच्या सुमारे १९ अंशांवर आहे. चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जात असल्यामुळे आपल्या भागात पृथ्वीचे क्षेत्र बरेचसे आडवे असते. मोकळी टांगलेली चुंबकसूची नायगावात क्षितिजाखाली सुमारे २५ ते २७ अंश झुकेल. क्षेत्राचा आडवा घटक सुमारे ०.४ गाउस आहे आणि उभा घटक त्याच्या निम्म्याच्या आसपास. लंडनमध्ये स्थिती उलट आहे. तेथे सूची ६५ अंशांहून अधिक झुकते आणि आडवा घटक जेमतेम ०.२ गाउस भरतो. चित्र तिरके करतो तो आडवा घटक. म्हणून हा दोष लंडनपेक्षा मराठवाड्यात दुपटीने जाणवण्याजोगा आहे.

आता परिणाम किती होतो ते पाहू. रंगीत संचात इलेक्ट्रॉनांना सुमारे २५,००० व्होल्टचा दाब गती देतो. त्यांचा वेग सेकंदाला सुमारे ९ कोटी मीटर, म्हणजे प्रकाशवेगाच्या ३० टक्के होतो. अशा इलेक्ट्रॉनाला ०.४ गाउसचे आडवे येणारे क्षेत्र सुमारे १३ मीटर त्रिज्येच्या वर्तुळात वळवते. वर्तुळ फार मोठे, पण योकपासून पडद्याच्या कडेपर्यंतच्या सुमारे ३० सेंटिमीटर प्रवासातही शलाका तीन मिलिमीटरहून थोडी अधिक सरकते. पडद्यावर तीन मिलिमीटर सहज दिसतात.

सरकणे आणि फिरणे

संचाचे तोंड पूर्वेला किंवा पश्चिमेला असेल, तर उत्तर-दक्षिण क्षेत्र शलाकेला आडवे येते आणि सगळे चित्र थोडे खाली किंवा वर सरकते. उभ्या घटकामुळे ते बाजूला सरकते. हे सरकणे सहसा लक्षात येत नाही.

तोंड उत्तरेला किंवा दक्षिणेला असले, की वेगळी गोष्ट घडते. आता क्षेत्र नलिकेच्या अक्षाला समांतर असते. पडद्याच्या मध्याकडे जाणारा इलेक्ट्रॉन क्षेत्राच्या दिशेतच धावतो, त्यामुळे त्याच्यावर बल लागत नाही. कडेकडे जाणाऱ्या इलेक्ट्रॉनाच्या वेगाला मात्र बाहेरच्या दिशेचा एक घटक असतो आणि त्या घटकावर क्षेत्र बल लावते. संचाचे तोंड उत्तरेला आहे असे धरा. पाहणाऱ्याच्या उजव्या हाताला, म्हणजे पश्चिमेकडे, झुकून निघालेल्या इलेक्ट्रॉनावर वरच्या दिशेने बल लागते. डावीकडच्यावर ते खालच्या दिशेने लागते. फ्लेमिंगच्या डाव्या हाताच्या नियमाने याचा पडताळा घ्यावा. फक्त विद्युतधारेची दिशा इलेक्ट्रॉनाच्या दिशेच्या उलट धरायला विसरू नये.

उजवी कड वर, डावी खाली, आणि मध्यापासून जितके दूर तितके सरकणे अधिक. याचाच अर्थ सगळे चित्र मध्याभोवती घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरले. २१ इंची पडद्याची कड मध्यापासून सुमारे २० सेंटिमीटरवर असते. तेथे हे सरकणे दोन मिलिमीटरच्या आसपास येते, म्हणजे चित्र अर्ध्या अंशाहून थोडे अधिक फिरते. तोच संच दक्षिणेकडे तोंड करून ठेवला तर ते तितकेच उलट फिरेल. दोन्ही मिळून फरक सव्वा अंशाच्या घरात जातो. नलिकेला लोखंडी कवच असल्यास तो कमी होतो.

दुरुस्ती कशी करतात?

पहिला उपाय योक फिरवण्याचा. योक मानेवर पट्टीने व स्क्रूने आवळलेले असते. स्क्रू सैल करून योक किंचित फिरवले की त्याबरोबर सगळे चित्र फिरते. चित्र सरळ झाले की स्क्रू पुन्हा आवळायचा. कृष्णधवल संचात एवढे पुरते. रंगीत संचात तीन शलाका एकाच ठिकाणी मिळाव्या लागतात आणि त्यासाठी योक रबरी पाचरींनी नेमक्या जागी बसवलेले असते. ते हलवल्यास चित्र सरळ होते, पण कडांना रंग फाटू शकतात. शिवाय संचाची दिशा पुन्हा बदलली की तिरकेपणा परत येतो.

दुसरा उपाय मोठ्या पडद्याच्या संचांत आणि संगणकाच्या मॉनिटरमध्ये वापरला गेला. नलिकेभोवती, तिच्याच अक्षावर, आणखी एक वेटोळे बसवतात आणि त्यातून थोडी एकदिश धारा सोडतात. या वेटोळ्याचे क्षेत्र पृथ्वीच्या अक्षीय घटकासारखेच, पण उलट दिशेचे असते. धारा कमीजास्त करून आणि गरजेनुसार तिची दिशा बदलून चित्र सरळ करता येते. पडद्यावरच्या यादीत 'टिल्ट' किंवा 'रोटेशन' या नावाने जो आकडा बदलता येत असे, तो याच धारेचा. येथे संच उघडावा लागत नाही.

संच सुरू करताना जो 'घुम्' आवाज येतो तो वेगळ्या वेटोळ्याचा. ते काही क्षण प्रत्यावर्ती धारा वाहून हळूहळू शांत होते आणि रंगाच्या जाळीतील जुने चुंबकत्व काढून टाकते. त्याने रंगांचे डाग जातात. योक सरकल्यामुळे आलेला तिरकेपणा त्याने जात नाही.

करून पाहा

तिरकेपणाचे कारण संच न उघडता ओळखता येते. पडद्याच्या वरच्या कडेला दोरा ताणून चिकटवा आणि चित्रातील एखाद्या आडव्या रेषेशी त्याची तुलना करा. होकायंत्र संचापासून दूर धरून उत्तर ठरवा, कारण ध्वनिक्षेपकातील चुंबक सूचीला फसवतो. संच उत्तर, पूर्व, दक्षिण, पश्चिम असा फिरवत प्रत्येक वेळी कडेचे अंतर मोजा. दर वेळी संच बंद करून, अर्धा तास थंड होऊ देऊन मग सुरू करा. दिशेबरोबर तिरकेपणा बदलला तर कारण पृथ्वीचे. चारही दिशांना तो तसाच राहिला तर योक सरकले आहे.

संचाचे मागचे झाकण मात्र वर्गात कधीही उघडू नये. संच बंद केल्यावरही नलिकेवर हजारो व्होल्टचा दाब टिकून राहू शकतो. नलिका आतून निर्वात असते आणि मान फुटल्यास काचा उडतात. रंगीत पडद्याजवळ चुंबकही नेऊ नये.

हेच क्षेत्र मोजण्यासाठी मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून नोंदी घेतल्या जात होत्या. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर त्यांच्या धारेने नोंदी बिघडतील, म्हणून १९०४ मध्ये हे काम अलिबागला हलवण्यात आले. पृथ्वीचे क्षेत्र इतके हलके, की ट्रामची धाराही त्याच्या नोंदीत मिसळावी. तेच क्षेत्र नायगावातल्या एखाद्या वर्गात, दोरा आणि मोजपट्टी एवढ्या साधनांनी, विद्यार्थ्यांना डोळ्यांनी पाहता येते. शाळेतला जुना संच भंगारवाल्याकडे देण्याआधी त्याच्याकडून एवढा एक धडा घ्यायला हरकत नाही.